तलावांच्या गावची दप्तरे

भोपाळास येणारा पाहुणा आधी मोठा तलाव पाहतो, मग ताजुल मसाजिद, मग श्यामला टेकडीवरील संग्रहालये. आणि एखादा दिवस हाताशी उरला तर सांचीचे स्तूप किंवा भीमबेटकाची चित्रे पाहून घरी परततो. हा क्रम चांगला आहे. त्यात बदल सुचविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या शहराचे आणखी एक दर्शन आहे, आणि ते म्हणजे येथील कागदांचे. कोणत्या राज्याने काय लिहून ठेवले, काय जपले, काय हातचे जाऊ दिले आणि त्याचे बरेवाईट फळ प्रजेला कसे मिळाले, हे पाहावयाचे असेल तर भोपाळसारखे दुसरे ठिकाण निदान मध्य भारतात आम्हांला ठाऊक नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही हीच वाट धरली. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाचे अर्धे आयुष्य रजिस्टरांत जाते. तेव्हा ही आवड आम्हांला पेशानेच लावली, असे म्हणावयास हरकत नाही.

आरंभ सांचीपासून करावा. भोपाळहून हे ठिकाण पन्नासएक किलोमीटरवर आहे. स्तूपाची तोरणे पाहून डोळे निवले म्हणजे कठड्याच्या दगडांकडे जरा वाकून पाहावे. तेथे ब्राह्मी लिपीतील छोट्या छोट्या ओळी कोरलेल्या दिसतात. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपपुढे या ओळींचे ठसे आले. बहुतेक ओळींचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो, हे त्याच्या ध्यानात आले. देवस्थानात अशा ओळी देणगीच्याच असणार, असा तर्क करून त्याने ती अक्षरे ‘दानं’ अशी वाचली आणि शतकानुशतके मुकी झालेली ब्राह्मी बोलू लागली. भारताच्या प्राचीन इतिहासाचे कुलूप असे देणगीदारांच्या यादीने उघडले. त्या यादीत राजे थोडे. व्यापारी, गृहिणी, भिक्षुणी, कारागीर असे सामान्य लोकच फार, आणि अनेकांच्या नावाशेजारी त्यांचे गाव. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी आपण हे कोरीव काम केल्याची नोंद केली आहे. आणि त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे नाव आहे. महाराष्ट्राच्या इतिहासाचे पहिले पान आपण ज्या सातवाहनांपासून उघडतो, त्यांच्या घराण्यातील हा राजा. मराठी माणसाने त्या दगडापुढे क्षणभर थांबावे.

पुढे गुप्तकाळातील एक लेख कठड्यावर आहे, गुप्त संवत् ९३ चा, म्हणजे इसवी सन ४१२-१३ चा. दुसऱ्या चंद्रगुप्ताचा अधिकारी आम्रकार्दव याने दिलेल्या दानाचा तो दाखला आहे. त्यात पंचवीस दिनारांचा आकडा आहे. त्यातून भिक्षूंना भोजन मिळावे व रत्नगृहात दिवा तेवत राहावा, असा हेतू सांगितला आहे. आणि शेवटी, ही व्यवस्था जो मोडील त्याला महापातकाचा शाप आहे. आम्ही तो लेख मास्तरांच्या नजरेने पाहिला, तेव्हा त्यात चार रकाने दिसले : कोणी दिले, काय दिले, कशासाठी दिले, आणि मोडल्यास जबाबदार कोण. कोणत्याही चांगल्या सरकारी नोंदीत हेच चार रकाने असावे लागतात. पहिले तीन रकाने कारकून सहज भरतो. कारभाराची परीक्षा होते ती चौथ्यात.

सांचीहून परतल्यावर वायव्येकडील दोराह्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सीहोर जिल्ह्यातील हे लहानसे गाव. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावसाहेबांनी निजामाला भोपाळात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे तह झाला. नर्मदा व चंबळ यांमधील मुलूख, माळव्याचा अधिकार आणि पन्नास लक्ष रुपये खर्चापोटी, अशी कलमे होती. लढाईची हकीकत शाळेत सर्वांनीच वाचलेली असते. तिच्यातील एक बारकावा मात्र फारसा सांगितला जात नाही. निजामाकडून ही वचने त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात घेण्यात आली. रणांगणात जिंकलेले कागदावर उतरल्याशिवाय आपले होत नाही, हे पेशव्यांना पक्के ठाऊक होते. आणि तेवढ्यानेही भागले नाही. बादशाही सनद मराठ्यांच्या हाती येण्यास १७४१ साल उजाडले. तोवर बाजीरावसाहेब निवर्तले होते आणि ती नानासाहेबांना मिळाली. या साऱ्या घडामोडी आज आपण खात्रीने सांगू शकतो, त्याचे कारण पुण्याचे पेशवे दप्तर. रुमालांत बांधलेले ते कागद जपले गेले, १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसायांनी त्यांतील निवडीचे ४५ खंड प्रसिद्ध केले, म्हणून भोपाळची लढाई ही दंतकथा न राहता इतिहास झाली.

आता शहरात यावे. तलावाच्या काठी गौहर महाल आहे, पलीकडे शौकत महाल, मोती मशीद. १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, या संस्थानाची सूत्रे चार बेगमांच्या हाती होती : कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतानजहान. त्यांच्या इमारती प्रवाशांना दिसतात. त्यांचा कारभार दिसत नाही, कारण तो कागदांत आहे. सिकंदर बेगमेने राज्याचे तीन जिल्हे व एकवीस परगणे पाडले, प्रत्येकावर जबाबदार अंमलदार नेमला, सचिवालय, टपाल व अपिलाचे न्यायालय उभे केले आणि सुमारे तीस लक्षांचे कर्ज फेडले. कर्ज फेडावयाचे तर येणे किती आणि कोणाकडे, हे आधी लिहिलेले असावे लागते. परगण्याची सीमा व वसुली कागदावर नसती तर अंमलदाराला जाब विचारावा तरी कशाच्या आधारे? शाहजहान बेगमेने तर संस्थानचा इतिहास ‘ताजुल इक्बाल’ या नावाने स्वतःच लिहिला. सांचीच्या जतनासाठी याच घराण्याने पैसा दिला. संस्थानचे फारसी-उर्दू कागद आज राष्ट्रीय अभिलेखागाराच्या भोपाळ येथील प्रादेशिक कार्यालयात आहेत. ते वाचू शकणारे डोळे दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. आपल्या मोडीचेही तेच दुखणे आहे.

यानंतरचे प्रकरण आपल्यापैकी अनेक घरांच्या परिचयाचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले. महाकोशल, मध्यभारत, विंध्यप्रदेश आणि भोपाळ असे चार तुकडे जोडले गेले. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि राजधानी नागपूरहून भोपाळास आली. त्यावेळी नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून कितीतरी मराठी कारकून, शिक्षक, अभियंते सहकुटुंब या तलावांच्या गावी येऊन राहिले. माणसांबरोबर नस्त्याही आल्या. चार कारभारांच्या चार पद्धती, चार वेतनश्रेणी, चार ज्येष्ठता-याद्या! कोणाची सेवा कधीपासून धरावयाची, यावर पुढे वर्षानुवर्षे दावे चालले. ज्याचे सर्व्हिस बुक पूर्ण त्याला पदोन्नती व निवृत्तिवेतन. ज्याची पाने गहाळ त्याच्या पदरी खेटे. आमच्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीला कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी दीड वर्ष थांबावे लागले, ते सेवापुस्तिकेतील दोन वर्षांच्या नोंदी कोणत्याशा कचेरीत सापडेनात म्हणून. त्या बाईंच्या दृष्टीने शासन म्हणजे ती हरवलेली दोन पानेच होती.

अरेरा टेकडीवर वल्लभ भवन, सातपुडा भवन, विंध्याचल भवन या राज्यशासनाच्या इमारती उभ्या आहेत. १२ जून २०२३ रोजी यांपैकी सातपुडा भवनास आग लागली. तिसऱ्या मजल्यावर पेटलेली आग सहाव्यापर्यंत चढली. आदिवासी कल्याण व आरोग्य या खात्यांची कार्यालये तीत सापडली आणि पुष्कळ कागदपत्रे जळाली. पुढल्याच वर्षी, ९ मार्च २०२४ रोजी, खुद्द वल्लभ भवनाच्या जुन्या इमारतीत आग लागली. आगीच्या कारणांविषयी बाहेर पुष्कळ बोलले गेले. त्यात शिरण्याचे आम्हांला प्रयोजन नाही. प्रश्न निराळा आहे. जळालेल्या प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत होती काय? जळाले काय, याची यादी तरी होती काय? ज्या दप्तराला सूची नाही, त्यातून काय गेले हे आग विझल्यावरही कळत नाही. आणि काय गेले हे कळले नाही म्हणजे जाबही कोणाला विचारता येत नाही.

या बाबतीत कायदे नाहीत असे नव्हे. केंद्र सरकारच्या कागदांसाठी १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. त्यानुसार प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमावयाचा असतो. नियमबाह्य रीतीने कागद नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि १८९२ पूर्वीचा कागद, तो अगदीच जीर्ण झाल्याचा निर्वाळा मिळाल्याखेरीज, नष्ट करता येत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु त्याचे चौथे कलम सांगते की प्रत्येक कार्यालयाने आपले अभिलेख नीट सूचीबद्ध करून ठेवले पाहिजेत. नागरिकाचा माहिती मागण्याचा अधिकार या कलमावर उभा आहे. कागद सापडतच नसेल तर अधिकार घेऊन करावयाचे काय? महाराष्ट्रातील कचेऱ्यांत अ, ब, क, ड अशी वर्गवारी आणि सहा गठ्ठ्यांची पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. कायम ठेवावयाचे कोणते, तीस वर्षांनी काढावयाचे कोणते आणि वर्षाने रद्दीत घालावयाचे कोणते, हे त्यात ठरलेले असते. नीट फेकणे हाही दप्तर राखण्याचाच भाग आहे. सगळेच ठेवणाऱ्याला नेमके हवे तेव्हा काहीच सापडत नाही.

आता शहराच्या उत्तर भागातील त्या ठिकाणी जावयाचे, जेथे पाऊल जड होते. युनियन कार्बाइडच्या कारखान्याच्या भिंतीसमोर जयप्रकाश नगरच्या बाजूस आईची आणि मुलाची मूर्ती आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री येथून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला. आधी इशारे झाले नव्हते असे नाही. १९८१ च्या डिसेंबरात एका कामगाराचा फॉस्जीनने बळी घेतला होता. मे १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकेतील तज्ज्ञांनी कारखाना तपासून सुरक्षिततेतील उणिवा लेखी कळविल्या होत्या. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या पत्रकाराने येथल्या वृत्तपत्रातून गावाला सावध केले होते. कागद होते. ते वाचून पुढची कृती करण्याचे उत्तरदायित्व कोणाच्या माथी, तो चौथा रकाना रिकामा होता.

दुर्घटनेनंतर जे झाले ते नोंदींच्या अभावाचे प्रकरण आहे. लोक अंगावरच्या कपड्यानिशी पळाले. हमीदिया रुग्णालयात हजारो रुग्ण एकदम आले. अशा वेळी प्रत्येकाच्या हाती केसपेपर पडावा, ही अपेक्षाच चुकीची. पण पुढे नुकसानभरपाई मागताना कागदच विचारला गेला : त्या रात्री येथे राहत होता याचा पुरावा काय? औषध घेतल्याची चिठ्ठी कोठे? मृतांचा आकडा प्रथम २,२५९ सांगितला गेला. पुढे राज्य सरकारने ३,७८७ मान्य केला. २०१० साली केंद्राने सर्वोच्च न्यायालयात ५,२९५ मांडला. तिन्ही आकडे सरकारीच. साडेतीन लाखांहून अधिक दावेदारांच्या वैद्यकीय छाननीत १,५५,२०३ जणांपुढे ‘इजा नाही’ असा शेरा पडला आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आलेले निघाले अवघे ४०! पुढे भरपाई मिळालेल्यांची संख्या मात्र साडेपाच लाखांच्या वर गेली. म्हणजे ज्यांची पीडा एका दप्तराने नाकारली, त्यांतील कित्येकांची दुसऱ्याने मान्य केली. मधल्या काळात माणसाने खोकत कचेऱ्यांच्या पायऱ्या चढावयाच्या.

न्यायालयीन इतिहासही कागदांभोवतीच फिरतो. १२ मे १९८६ रोजी अमेरिकेतील न्यायाधीश कीनन यांनी खटला भारतात चालावा असा निर्णय दिला. बहुतेक कागदपत्रे व साक्षीदार भारतातच आहेत, हे त्याचे एक कारण होते. त्या कागदांची संपूर्ण तपासणी होण्याआधीच फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. वाढीव भरपाईसाठीची केंद्राची याचिका १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली गेली, तेव्हा न्यायालयाने केंद्रालाही बोल लावला, कारण १९९१ च्या आदेशानुसार पीडितांसाठी जो विमा उतरावयाचा होता तो उतरविलाच गेला नव्हता. बत्तीस वर्षे एक आदेश फाइलीत राहिला आणि तो पाळला की नाही, हे विचारणारे रजिस्टर कोणाच्याही टेबलावर नव्हते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८५ पासून ८०,०२१ बाधित नागरिकांचा पाठपुरावा केला. जगात असे काम क्वचितच झाले आहे. परंतु १९९४ साली तो अभ्यास थांबला आणि एकत्रित अहवाल बाहेर येण्यास पुढे बरीच वर्षे लागली. अखेर ९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की प्रत्येक पीडिताला आरोग्यपुस्तिका मिळावी आणि वैद्यकीय नोंदी संगणकावर आणाव्यात. दुर्घटनेनंतर सत्तावीस वर्षांनी एका वहीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला लिहावे लागले! ती वही पहिल्या वर्षीच मिळाली असती, तर कोणत्या वस्तीत कोणता रोग वाढतो आहे, कोठे दवाखाना हवा, कोणते औषध लागू पडते, हे वैद्यांना आपोआप दिसले असते. विकास म्हणतात तो याहून निराळा काय असतो?

हे सारे पाहून निराश व्हावे असे मात्र नाही. याच राज्याने २०१० साली लोकसेवा हमीचा कायदा केला; देशात तो पहिला. अर्ज दिला की तारखेची पावती मिळते, दाखला किती दिवसांत मिळावा हे ठरलेले असते, आणि विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. सांचीच्या शापाच्या जागी येथे दंड आला आहे, एवढेच. चौथा रकाना भरण्याची ही रीत लहान असली तरी खरी आहे.

आमच्या शाळेतही आम्ही हेच पाहतो. दाखल-खारीज रजिस्टर हे मुलाचे नाव, बापाचे नाव आणि जन्मतारीख यांचे साधे पुस्तक. मागे एक साठीचा मजूर आमच्याकडे आला. वृद्धापकाळाच्या पेन्शनसाठी त्याला वयाचा दाखला हवा होता आणि घर पुरात गेल्याने जवळ चिठोरेही नव्हते. दुसरीत असताना त्याने शाळा सोडली होती. कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेल्या पेटीतून जुने रजिस्टर निघाले आणि कोणा तत्पर गुरुजींनी निळ्या शाईने लिहिलेली ती एक ओळ सापडली. शाळेने त्याला दुसरे फारसे काही दिले नव्हते. ही ओळ दिली. याच रजिस्टरातील संख्या वर जाते आणि तिच्यावरून शिक्षकांच्या जागा, वर्गखोल्या, मध्यान्ह भोजनाचे धान्य ठरते. खाली एक आकडा खोटा पडला की वर एका वर्गाचा शिक्षक कमी होतो.

सरकारने दप्तर राखावे, असे म्हणताना आपल्या घराकडेही एकदा पाहावे. बृहन्महाराष्ट्रातील आपली घरे जुनी आहेत. माळ्यावरच्या पेटीत मोडीचे रुमाल, इनामाची सनद, आजोबांचे सर्व्हिस बुक, पडलेल्या वाड्याची फेरफार नोंद असे काहीतरी असतेच. कोट्याच्या गुळगुळे घराण्याचे दप्तर जपले गेले म्हणून माळवा-राजस्थानातील मराठी कारभाराचा इतिहास लिहिता आला. सीतामऊच्या श्री नटनागर शोध संस्थानात असे कागद अभ्यासकांसाठी ठेवले आहेत, पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ आहे. घरातील पेटी येत्या सुटीत उघडावी, कागद उन्हात न टाकता सावलीत वाऱ्यावर ठेवावेत, यादी करावी, आणि वाचता येत नसेल तर रद्दीवाल्याआधी अशा एखाद्या संस्थेला पत्र घालावे. कचेरीत अर्ज दिला तर पावती मागून घ्यावी आणि ती जपावी. कारकुनाला त्यात अविश्वास वाटण्याचे कारण नाही. उलट त्याने केलेल्या कामाचीही तीच साक्ष असते.

भोपाळचे तलाव आपण अवश्य पाहावेत. जाताना सांचीच्या कठड्यावरील एखादी ओळ मात्र बोटाने चाचपून पाहावी. दोन हजार वर्षांपूर्वी कोणा गृहिणीने दिलेल्या दगडाची पोच तेथे अजून वाचता येते. तिच्या नावाची नोंद करणाऱ्याने आपले काम चोख केले होते.